ताण्याच्या लांबीची गल्ली

सांगलीहून पवनीला कोणी मुद्दाम जात नाही. मी गेले, कारण माझ्या जावयाला घराचा नकाशा हवा होता आणि सासू आयती होती.

माझी सगळी नोकरी एका इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढण्यात गेली. लोकांची घरं कागदावर काढून काढून मान वाकडी झाली, स्वतःचं घर मात्र अजून दोन खोल्यांचंच आहे. माझी मुलगी मुग्धा भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत दिली. दिली म्हणायचं इतकंच, कारण ती आणि जावई प्रशांत दोघंही पुण्यात नोकरीला. पवनीत प्रशांतचे आईवडील असतात, विणकरांच्या मोहल्ल्यात, कवेलूच्या म्हणजे कौलारू जुन्या घरात. ते घर पाडून तिथे स्लॅबचं बांधायचं ठरलं होतं. ठेकेदार शिवरात्रीनंतर हात घालणार होता. "आई, तुम्ही एकदा जाऊन मापं घेऊन या ना. तुमचं माहेरपणही होईल," जावई म्हणाला. विहिणीच्या घरी माहेरपण! पुण्यात राहून माणूस काहीही बोलायला शिकतो.

वेशीच्या आत

नागपूरपासून पुढचा प्रवास एसटीचा. भिवापूरच्या स्टँडवर खिडकीतून लाल मिरचीचा खकाणा आत आला आणि अख्खी बस शिंकायला लागली. माझ्या शेजारची बाई शिंकता शिंकता म्हणाली, "आता आलीच समजा पवनी." रस्त्याच्या कडेला वाघाच्या पाट्या बऱ्याच होत्या, वाघ कुठेच नव्हता. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये लाखोळी हिरवीगार उगवली होती. आमच्याकडे ऊस नाही तर सगळं रान उघडं दिसतं, इथे एक पीक गेलं तरी खाली दुसरं तयारच होतं.

व्याही देवाजी स्टँडवर सायकल घेऊन उभे होते. सत्तरीचा माणूस, पांढरा पायजमा, डोक्याला मफलर. माझी बॅग त्यांनी कॅरियरला लावली आणि सायकल हातात धरून चालायला लागले. बसत का नाही, विचारलं तर म्हणाले, "बसाले नाई जी. ही मले काठीवानी पकडाले लागते."

आम्ही दगडी वेशीतून आत गेलो. गावाभोवती मातीचा उंच परकोट आहे, त्याच्या बाहेर खंदक. खंदकात बेशरम माजलेली, कडेला म्हशी. आत आलं की मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, चायनीजची गाडी, आणि दर वळणावर एक देऊळ. देवळांचे कळस आता स्लॅबच्या घरांच्या मधूनच कुठे कुठे डोकावतात. एका देवळाला लोकांनी तिन्ही बाजूंनी घरं अशी चिकटवली आहेत की देवाला प्रदक्षिणा घालायची तर तीन चुलींवरून जावं लागेल. गल्ल्याही तशाच, कुठून कुठे वळतील सांगता येत नाही.

देवाजींची गल्ली मात्र वेगळी निघाली. सरळसोट, नुसत्या डोळ्यांनी बघूनही कळावं अशी. मी जन्मभर पट्टी लावून रेघा काढल्या, मला लगेच दिसलं. दोन्ही बाजूंची जुनी घरं एकमेकांच्या ओळीत उभी, एकाचाही ओटा पुढे आलेला नाही. रस्ता सिमेंटचा. जुना न उखडता त्यावरच नवा, असा थरावर थर चढत गेलेला. त्यामुळे रस्ता वर आणि घरं खाली. देवाजींच्या घरात शिरायला पायऱ्या उतराव्या लागतात. मी उतरताना खाली बघितलं आणि कपाळ वळचणीच्या लाकडावर आपटलं.

"लागलं का जी विहीनबाई? सगळ्याइलेच लागते," विहीणबाई आतून म्हणाल्या. पार्वताबाई त्यांचं नाव. अंगाने बारीक, जाड भिंगाचा चष्मा, अंगावर नायलॉनची फुलाफुलांची साडी. त्यांनी पायावर पाणी घातलं आणि कपाळाला हळद लावली. आमच्याकडे मुलीच्या आईने मुलीच्या सासरी अंग चोरून बसायचं असतं. इथे त्यांनी मला पाटावर बसवलं, पुढ्यात भाताचा डोंगर केला आणि वर काळसर, तर्रीवाला रस्सा ओतला. रस्सा इतका जाळ की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "रडून राहिल्या काहून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलीची आठवण आली. त्यांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं आणि आणखी एक पळी वाढली.

मापं

दुसऱ्या दिवशी टेप काढली. घर चिंचोळं आणि लांब. पुढचं दार, मधलं दार आणि मागचं दार एका रेषेत. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा आणि खड्ड्यावर हातमाग. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हातांनी धोटा फेकतो. या गल्लीत पूर्वी घरोघर असे माग होते, आता चालू म्हणावा असा हा एकच उरला होता. आणि तोही नवीन घरात नसणार होता. माझ्या मनाला ते बरं वाटेना, म्हणून मी देवाजींना विचारलं, "पुढच्या खोलीत मागाला जागा ठेवू का? मला एक रेघ इकडची तिकडे करायची आहे फक्त."

"नको जी," ते म्हणाले. "गुडघे आता खड्ड्यात उतरत नाई. अना हे घर पावसात टपकते, मांगच्या साली सापबी निघाला. पोरगं बांधून देऊन राह्यला त बांधू द्या."

ते हे रुसून बोलत नव्हते. मीही मग उगाच हळहळले नाही, रेघ होती तिथेच ठेवली. तरीपण मागाशेजारी सुताचं भलं मोठं बोचकं दिसलं, म्हणून त्याचं काय ते विचारलं. देवाजी सायकल घेऊन निघून गेले. सांगितलं पार्वताबाईंनी, वांगी चिरता चिरता.

या घराने आजवर विणलं ते शेठच्या सुतावर. सूत त्याचं, म्हणून कापडही त्याचं. लुगडं मागावरून उतरलं की घडी होऊन गेलं. पार्वताबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून कांड्या भरत आल्या, तुटलेले धागे जोडत आल्या, पण नवऱ्याच्या मागावरचं एकही लुगडं त्यांच्या अंगाला लागलं नाही. घर पाडायचं ठरलं त्या दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, माग काढाच्या आधी एक माह्यासाठी इना. देवाजींनी स्वतः जाऊन सूत आणलं. चार लुगडी निघतील एवढा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, त्यांनी मोजून बांधून ठेवला. पण तो तसाच बोचक्यात पडून होता.

"मग विणत का नाहीत?" मी म्हटलं.

"पांजनी कुठी कराची जी?" त्या म्हणाल्या.

तेव्हा मला या गल्लीचा सरळपणा कळला. कच्चं सूत मागावर टिकत नाही. त्याला तांदळाच्या पिठाची खळ द्यावी लागते आणि ती देताना ताणा पूर्ण लांबीने ताणून धरावा लागतो. माणसं दोन्ही बाजूंनी उभी राहतात, खळ चोळतात आणि ती वाळायच्या आत लांब कुंच्याने एकाच दिशेने विंचरत जातात, तीच पांजणी. एवढी जागा कुठल्याच घरात नसते, म्हणून ताणा गल्लीत लागायचा. ज्यांनी ही घरं बांधली त्यांनी आपला ओटा पुढे काढला नाही, तो एवढ्यासाठी. सकाळी गल्लीत ताणा लागला की ना बैलगाडी, ना सायकल. सडाही टाकायचा नाही. वरातसुद्धा पलीकडून वळसा घेऊन जायची.

आता बाजाराकडच्या तोंडाशी दुकानांचे पत्रे पुढे आलेत आणि ट्रान्सफॉर्मर बसलाय. दुसऱ्या टोकाला पूर्वी मोकळी जागा होती, ताण्याचं शेपूट तिकडे जायचं. त्या जागेवर शंकररावांनी घर बांधलं. जागा त्यांचीच होती, कागदाने आणि वारसाने. देवाजी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर शंकररावांशीच एक शब्द बोलले नाहीत. दोघं एका वयाचे, एकाच गल्लीत वाढलेले, शंकररावही तरुणपणी विणकरच. नंतर त्यांनी तांदळाचा व्यापार धरला.

"तयार खळीचा ताणा विकत मिळतो की," मी शहाणपणा केला.

"मिळते ना. मंग ते याइच्या हातचं काय राह्यलं? इनाले त मशीनबी हाय," पार्वताबाई म्हणाल्या आणि वांग्यांना फोडणी दिली.

शंकररावांकडे चहा

बाहेरगावची विहीण आली की गल्लीतलं प्रत्येक घर चहाला बोलावतं. आमच्याकडेही ही रीत होती, आता फोनवर भागतं. शंकररावांच्या बायकोने, लीलाबाईंनी, मला एकटीलाच बोलावलं. पार्वताबाई म्हणाल्या, "जाजा. आमच्यासाठी तुमी काहून थांबता?"

घर झकास होतं. जोतं कमरेएवढं उंच, म्हणजे रस्त्याचे आणखी चार थर चढले तरी फिकीर नाही. आरशासारख्या फरशा. दाराशीच लीलाबाईंनी पायपुसणं दाखवलं, मग दुसरं पायपुसणं दाखवलं. सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, मी बसले तेव्हा करकर वाजलं. माझ्या कपातून बशीत चहा सांडला तर त्या फडकं घेऊन उठल्या, आणि चहा बशीतच आहे हे बघून परत बसल्या.

शंकरराव धिप्पाड, बोलायला मोकळे. त्यांनी सांगलीच्या हळदीची चौकशी केली, पुराची केली. मग एकदम म्हणाले, "देवाजीनं सूत आनलं म्हंतात?"

मी हो म्हटलं.

"पांजनी कुठी करन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला काय कळतं त्यातलं. ते खिडकीतून गल्लीकडे बघत राहिले. लीलाबाईंनी विषय बदलून लेकाच्या लग्नाचा काढला.

घोड्या

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवाजींनी ठरवून टाकलं. मागच्या पडवीतून बांबूच्या घोड्या काढल्या, धूळ झटकली आणि गल्लीत ओळीने मांडायला लागले. दोन बांबू वर फुलीसारखे बांधले की झाली घोडी. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडून सुरुवात केली आणि शंकररावांच्या फाटकाशी ओळ संपली. ताणा त्याहून बराच लांब. "अर्धा उद्या, अर्धा परवा," ते म्हणाले.

पार्वताबाई घरात येऊन माझ्यापाशी रडवेल्या झाल्या. अर्ध्यावर थांबलेली खळ जिथे थांबते तिथे वाळून कडक होते. तिथले धागे मागावर तटातटा तुटतात, आणि नाही तुटले तरी कापडात आडवा पट्टा दिसतो. "अख्ख्या जिंदगीत एकच लुगडं, अना तेबी डागाचं," त्या म्हणाल्या. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी म्हटलं, आपण नदीच्या घाटावर नेऊ, नाहीतर परकोटावर. त्यांनी समजूत घातल्यासारखं सांगितलं की नदीवर वारा असतो, वाऱ्याने खळ वाळते आणि धागे एकमेकांत गुंततात. गल्लीला दोन्हीकडून घरांचा आडोसा असतो.

"निदान चार माणसं तरी बोलावून ठेवू. कोणाकोणाला सांगायचं ते सांगा, मी जाते."

त्या दचकल्याच. "नाई जी! पांजनीले बोलवनं नसते. बोलावलं का मजुरी झाली. रात्री घोड्या दिसल्या का ज्याले याचं तो सकारी येते."

पण घोड्या ओळखणारं गल्लीत उरलं होतं कोण? अर्ध्या घरांत भाडेकरू. शेजारच्या माडीवर मेश्राम सिस्टर राहत होत्या, दिघोरीच्या, सरकारी दवाखान्यात नर्स. त्या ड्यूटीवरून आल्या, मधली घोडी उचलून भिंतीला टेकवली आणि तिथे स्कूटी लावली. मी धावतच बाहेर गेले.

"जय भीम जी ताई," त्या म्हणाल्या. "हे लाकडं कोनं ठेवले मधात?"

मी सांगितलं. आमंत्रण देऊ नका अशी ताकीद होती, म्हणून फक्त घोड्या कशासाठी असतात तेवढंच सांगितलं. त्यांनी स्कूटी काढली, घोडी पूर्वीच्या जागी उभी केली, दोनदा लांब जाऊन ओळ सरळ आली का ते बघितलं. "माही ड्यूटी उशिरा लागते. तोवर येतो मी," म्हणाल्या. इकडच्या बायका स्वतःबद्दल येतो, जातो असंच बोलतात. मला पहिल्यांदा चमत्कारिक वाटलं होतं, आता कानाला बरं वाटायला लागलं.

अंधार पडायच्या सुमाराला शंकरराव मोटारसायकलवरून आले. फाटकाशी शेवटची घोडी होती. तिला वळसा घालून ते आत गेले आणि फाटक लावून घेतलं.

गल्लीत

सकाळी धुकं होतं. पार्वताबाईंनी चुलीवर खळ शिजवली होती, आंबिलीसारखा वास येत होता. देवाजींनी ताणा खांद्यावर आणून घोड्यांवर उलगडत नेला. माणसं मोजकीच जमली. आम्ही तिघं, सिस्टर, आणि पलीकडच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या, कोणीतरी सांगितलं म्हणून नाही, तर दूध आणायला जाताना घोड्या दिसल्या म्हणून. त्यांनी दुधाच्या कॅटल्या ओट्यावर ठेवल्या आणि पदर खोचले. ताणा शंकररावांच्या फाटकापर्यंत पोचला. उरलेला भाग देवाजी तिथेच गुंडाळी करून बांधायला लागले.

तेवढ्यात आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. फाटक उघडलं, आणि प्लास्टिकसकट सोफा बाहेर आला. एका टोकाला शंकरराव, दुसऱ्या टोकाला लीलाबाई. तो त्यांनी गल्लीत भिंतीला लावला. मग टीपॉय आला. मग टीव्हीखालचं टेबल. आम्ही सगळे बघत उभे.

शंकरराव माझ्याजवळ आले. देवाजी हाताच्या अंतरावर होते, तरी ते मलाच म्हणाले, "ताई, त्याले सांगा, पुढचा मागचा दोन्ही दरवाजे उघडे हायेत. मांगं आंगन हाय. तानं आरपार जाते."

मी देवाजींकडे वळले. "ते म्हणतात..."

"विहीनबाई, त्याले सांगा, टाइलवर खळ सांडते."

"ताई, सांगा त्याले, सांडली त पुसता येते."

"त्याले सांगा, घरवालीले इचारलं का म्हनावं."

शंकररावांनी उत्तर द्यायच्या आत लीलाबाईच बोलल्या, आणि त्या माझ्यामार्फत बोलल्या नाहीत. "इचारलं जी देवाजीभाऊ. काल संध्याकारपासून घरात तेच सुरू हाय. या आता, धुकं उठल्यावर याल का?"

मी आत जाऊन बघितलं. पुढचं दार, मधलं दार, मागचं दार, सगळं एका रेषेत. नवीन घरात असं कोणी करत नाही. सोफ्याला धड भिंत उरत नाही आणि रस्त्यावरून थेट मोरी दिसते. माझ्याकडे असा नकाशा आला असता तर मी परत पाठवला असता. "इंजिनियर लय भांडला," शंकरराव म्हणाले. "पन कोष्ट्याचं घर असंच ऱ्हाते. दुसरं मले सुचतच नाई." ताण्यासाठी म्हणून त्यांनी काही ते केलेलं नव्हतं. बाप बांधायचा तसं बांधलं होतं.

आता अडचण जोत्याची. फरशी कमरेएवढी वर आणि गल्ली खाली, ताणा वाकला असता. इथे मात्र माझा उपयोग झाला. उतार मला कळतो. सिस्टर आणि मी कोणाच्या तरी बांधकामाच्या ढिगातल्या विटा आणून घोड्यांखाली लावत गेलो, फाटकाजवळ जास्त, ट्रान्सफॉर्मरकडे कमी, आणि ताणा सरळ झाला. पांढऱ्या सुताची लांबच लांब चादर गल्लीतून चढत फाटकातून हॉलमध्ये, तिथून स्वयंपाकघरात आणि मागच्या दाराने अंगणातल्या पेरूपर्यंत. टोक पेरूच्या बुंध्याला बांधलं.

मग कामाला तोंड फुटलं. बायका खळ चोळत पुढे सरकत होत्या. तुटलेला धागा दिसला की पार्वताबाई चष्मा कपाळावर सारून, डोळ्याशी नेऊन जोडायच्या. देवाजी कुंचा ओढत होते. कुंचा लांब, त्याला समोरच्या बाजूने दुसरं माणूस लागतं आणि दोघांची पावलं एकदम पडावी लागतात. सुरुवातीला सिस्टरनी धरला. जोर होता, पण त्या पुढे पळायच्या. मग मी धरला, मी मागे राहिले. खळ वाळत चालली होती, धुक्यातून ऊन दिसायला लागलं होतं. पार्वताबाई कुंच्याकडे आणि उन्हाकडे आळीपाळीने बघत होत्या. फाटकाशी आलो तेव्हा माझ्याकडून कुंचा तिरका झाला.

"शंकर!" देवाजी ओरडले. "पाहून काय राह्यला? पकड ना!"

शंकररावांनी माझ्या हातातून कुंचा घेतला. दोघांनी पायऱ्या चढून तो हॉलमध्ये नेला, एकाचंही पाऊल चुकलं नाही. "हलका," "दाब," "धागा हाय, सांभाळ," एवढंच बोलणं. तेही आता थेट. लीलाबाई फडकं घेऊन मागून फिरत होत्या, पण फरशी पुसत नव्हत्या. त्या फडक्याने धाग्यांवर साचलेली जास्तीची खळ टिपत होत्या. पेरूपाशी पोचल्यावर देवाजींनी कुंचा खाली ठेवला आणि ताण्यावरून उलटा हात फिरवत परत गल्लीपर्यंत आले. कुठेही आडवा पट्टा नव्हता. पार्वताबाई सोफ्यावर बसल्या आणि प्लास्टिकवर त्यांच्या खळीच्या हातांचे दोन पंजे उमटले.

ताणा वाळेपर्यंत सगळ्यांनी तिथेच गल्लीत चहा घेतला. सिस्टर ड्यूटीला गेल्या तेव्हा त्यांच्या केसांना खळ लागलेली होती.

परत आल्यावर

मी दुसऱ्याच दिवशी निघाले. नकाशा सांगलीत येऊन पुरा केला. तीन दारं एका रेषेत काढली, जावयाने फोन करून "हे असं का?" विचारलं, मी म्हटलं, बापाला विचार. ठेकेदार, ठेकेदारांच्या रीतीप्रमाणे, उशिरा आला, त्यामुळे चारही लुगडी मागावरून उतरली. एक लीलाबाईंना, एक मुग्धाला, एक पार्सलने मला. पांढरं, तांबडा करवती काठ, हाताला जड. मी ते मलमलच्या फडक्यात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून कपाटात वरच्या खणात ठेवलं आहे.

घर पाडलं. नवीन होईपर्यंत देवाजी आणि पार्वताबाई शंकररावांच्या मागच्या खोलीत राहतायत. मुग्धाने फोटो पाठवला. पाया खणलेला, आणि त्याच्या काठावर पार्वताबाई विटांना पाणी मारतायत. अंगावर ते लुगडं. ओचा चिखलाने भरलेला. मला बघवेना, मी लगेच फोन लावला.

"अहो विहीणबाई, ते नेसून कसली कामं करताय? पेटीत ठेवा, सणावाराला काढा."

"नाई जी. धुतो अना नेसतो, रोजच नेसतो," त्या म्हणाल्या. मागे फावड्यांचा आवाज येत होता. "ह्या गल्लीतून किती लुगडे गेले. कोनतं कुठी विटलं, कोनतं कसं फाटलं, आमी काई पाह्यलं नाई. इनलं का गेलं. हे एक तरी माह्यासमोर फाटू द्या."